ड्रायव्हर बसेना, म्हणजे कार्ड गेलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: घरात एकच डेस्कटॉप आहे. दिवसा त्यावर मोठा भाऊ ऑफिसचं काम करतो, रात्री हे वाचक गेम खेळतात. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०. नवा ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर) आला की त्याच दिवशी टाकायचा, त्याने एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढतात, असं मित्रांच्या ग्रुपमध्ये सगळे सांगतात. एका मित्राने स्वतःच्या नव्या आरटीएक्स कार्डासाठी डाउनलोड केलेली फाइल पेन ड्राइव्हवर दिली. ती चालवली, तर जुळणारं ग्राफिक्स हार्डवेअर सापडलं नाही असा संदेश आला. जुना ड्रायव्हर आड येत असेल असं वाटून वाचकांनी तो काढून टाकला. लगेच स्क्रीनवरची अक्षरं मोठी आणि धूसर झाली. मग सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, त्यानेही काम झालं नाही. एनव्हिडियाच्या साइटवरून घेतलेली फाइल अर्ध्यावर ‘इन्स्टॉलर फेल्ड’ म्हणून थांबली. दुसऱ्या दिवशी काहीही न करता स्क्रीन पूर्ववत झाली, पण तेव्हापासून गेम अडखळतोय. दादा म्हणतो, ‘चालतंय त्याला हात कशाला लावलास? आता फॉरमॅट मार.’ वाचकांचे प्रश्न तीन: कार्ड गेलं का, फॉरमॅट मारावं का, आणि यापुढे प्रत्येक ड्रायव्हर टाकायचा की एकही नाही?

प्रिय वाचक,

तुमचं कार्ड शाबूत आहे, असं तुमच्या पत्रावरूनच जवळजवळ खात्रीने सांगता येतं. बिघडलेल्या कार्डावर विंडोज दुसऱ्या दिवशी गुपचूप ड्रायव्हर बसवू शकली नसती आणि गेम अडखळत का होईना सुरू झाला नसता. कार्ड जातं तेव्हा सहसा संगणक सुरू होतानाच, विंडोज यायच्या आधीच्या स्क्रीनवर, रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसतात, नाहीतर चित्रच येत नाही. तुमच्याकडे यातलं काही झालेलं नाही. फॉरमॅटचीही गरज नाही. दादाचं काम ज्या डिस्कवर आहे ती पुसण्याआधी करण्यासारखं बरंच काही शिल्लक आहे.

आलेला पहिला संदेश शब्दशः खरा होता. तुम्ही तो अडथळा मानलात, पण त्यातच उत्तर होतं. प्रत्येक ड्रायव्हरच्या फाइलमध्ये तो कोणकोणत्या चिपसाठी आहे याची यादी असते. इन्स्टॉलर तुमच्या कार्डाचा ओळख क्रमांक वाचतो, यादीत शोधतो, आणि सापडला नाही तर तिथेच थांबतो. जीटीएक्स १०६० ही पास्कल पिढीची चिप आहे. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ढोबळमानाने जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० मालिका, यांच्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा गेम रेडी (नव्या गेमसाठी जुळवलेला) ड्रायव्हर येईल, हे एनव्हिडियाने २०२५ मध्येच जाहीर केलं होतं. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत या कार्डांना दर तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. ५८० ही या कार्डांसाठीची शेवटची ड्रायव्हर शाखा, म्हणजे आवृत्त्यांचा गट. मित्राच्या कार्डासाठीची फाइल त्यापुढची असेल, तर तिच्या यादीत तुमचं कार्ड नसणारच. जुना ड्रायव्हर ठेवला काय आणि काढला काय, त्याने त्या यादीत फरक पडत नाही.

म्हणून दुसऱ्यासाठी घेतलेली फाइल वापरू नका, ती अगदी खात्रीच्या माणसाने दिली असली तरी. साइटवर उत्पादन निवडताना जीफोर्स १० मालिका, त्यात जीटीएक्स १०६०, आणि तुमची विंडोज निवडा. त्याच यादीत ‘नोटबुक्स’ असं लिहिलेली वेगळी मालिका असते, ती लॅपटॉपसाठी. घाईत तिच्यावर क्लिक होतं आणि पुन्हा तोच संदेश येतो. आपल्याकडे नेमकं कोणतं कार्ड आहे हे ज्यांना माहीत नसेल, त्यांनी डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’खालच्या नावावर राइट क्लिक करावं, ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘हार्डवेअर आयडीज’ पाहावं. ‘व्हेन’ या अक्षरांनंतर १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. ड्रायव्हर नसतानाही हा क्रमांक दिसतो, म्हणूनच तो उपयोगी. सेकंडहँड कार्ड घेतलेल्यांनी जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअरही चालवून पाहावं. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात असतात आणि अशी बरीच बनावट कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखतं. योग्य फाइल असूनही हार्डवेअर सापडत नसेल, तर हे एक कारण असू शकतं. तुमचं कार्ड आधीच्या ड्रायव्हरवर नीट चालत होतं, त्यामुळे तुम्हाला ही शंका घ्यायचं कारण नाही.

आता पुढच्या घटना. ड्रायव्हर काढल्यावर विंडोजने स्वतःचा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ लावला. तो चित्र दाखवण्यापुरता असतो. रेझोल्यूशन कमी, कार्डाच्या ताकदीचा वापर जवळपास शून्य. अक्षरं धूसर दिसली ती त्यामुळे. मग इंटरनेट चालू असल्याने विंडोज अपडेटने पार्श्वभूमीत तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर शोधून बसवायला घेतला. त्याच वेळी तुम्ही एनव्हिडियाचा इन्स्टॉलर चालवला असेल, तर दोघांनी एकाच फाइलींना हात घातला आणि एक जण पडला. त्या तिसऱ्या सॉफ्टवेअरने मध्येच काही बसवलं असण्याचीही तितकीच शक्यता आहे. दोन्हींवर उपाय एकच असल्याने नेमकं काय झालं याचा तपास करत बसू नका. ते आपोआप अपडेट करणारं सॉफ्टवेअर मात्र आधी काढून टाका. ग्राफिक्स ड्रायव्हर घेण्याच्या खात्रीच्या जागा मोजक्याच: चिप बनवणाऱ्या कंपनीची साइट किंवा तिचं ॲप, लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीची साइट, आणि विंडोज अपडेट.

करायच्या पायऱ्यांकडे वळण्याआधी मित्रांच्या आणि दादाच्या मतांबद्दल बोलायला हवं, कारण तुमचा खरा पेच तिथे आहे.

‘नवा ड्रायव्हर म्हणजे जास्त एफपीएस’ हे काही वेळा खरं असतं. एखादा मोठा गेम येतो तेव्हा त्याच्यासाठी खास जुळवणी केलेला ड्रायव्हर त्याच सुमारास येतो, आणि त्या गेममध्ये, विशेषतः नव्या पिढीच्या कार्डांवर, फरक दिसू शकतो. पण तुम्ही दोन वर्षं जुना गेम खेळत असाल, तर या महिन्याच्या ड्रायव्हरमध्ये त्या गेमसाठी बहुधा काहीच नसतं. हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. प्रत्येक ड्रायव्हरसोबत ‘रिलीज नोट्स’ असतात. त्यात दोन भाग वाचायचे: दुरुस्त झालेल्या अडचणी आणि अजून शिल्लक असलेल्या अडचणी. पहिल्यात तुमचा गेम किंवा तुम्हाला होणारा त्रास असेल तर घ्या. दुसऱ्यात तुमचा गेम असेल तर थांबा. पाच मिनिटांचं वाचन आहे, आणि ड्रायव्हरबद्दलच्या कुठल्याही ग्रुपमधल्या चर्चेपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं.

पहिल्याच दिवशी टाकण्याचा आग्रह कधी अंगाशी येतो, त्याची दोन नोंदलेली उदाहरणं देतो. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे काही कार्डांच्या पंख्यांचा वेग नीट वाढत नव्हता आणि कार्डं तापत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या नव्या ड्रायव्हरमधलं ‘अँटी-लॅग प्लस’ चालू ठेवून काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांवर फसवणूकविरोधी यंत्रणेने बंदी घातली आणि एएमडीला ती सोय काढून घ्यावी लागली. दोन्ही वेळा जे आठवडाभर थांबले त्यांना काहीच झालं नाही.

मग दादाचं बरोबर का? अर्धं. ड्रायव्हरचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात, सर्वाधिक अधिकारांनिशी चालतो. त्यातली सुरक्षेची त्रुटी ही सगळ्या संगणकाची त्रुटी असते, आणि ऑफिसचं काम होणाऱ्या संगणकावर तर ती मुळीच शिल्लक ठेवू नये. कंपन्या अशा त्रुटींची पत्रकं वेळोवेळी काढतात. शिवाय काही गेम ठरावीक आवृत्तीपेक्षा जुना ड्रायव्हर असेल तर सुरूच होत नाहीत. तेव्हा अपडेट करायला कारण हवं, आणि अशी कारणं तीनच धरा: खेळायचा असलेला नवा गेम, रिलीज नोट्समध्ये दुरुस्त म्हणून नोंदलेला तुमचा त्रास, किंवा सुरक्षेचा अपडेट. तुमच्या जीटीएक्स १०६० पुरतं यातलं पहिलं कारण आता उरलेलं नाही. तिमाहीला येणारा सुरक्षेचा अपडेट घेतला की तुमचं काम झालं. दर महिन्याची मित्रांची धावपळ त्यांच्या कार्डांसाठी आहे.

एनव्हिडियावाले वाचक ‘गेम रेडी’ की ‘स्टुडिओ’ असंही विचारतात. स्टुडिओ ड्रायव्हर कमी वेळा येतो आणि व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी अशा सॉफ्टवेअरवर जास्त तपासलेला असतो. त्यावर गेमही चालतात. अगदी नवे गेम खेळत नसाल आणि त्याच संगणकावर एडिटिंग होत असेल, तर तो निवडायला हरकत नाही. एएमडीकडे असाच फरक ‘रेकमेंडेड’ आणि ‘ऑप्शनल’ असा असतो. स्थिरता हवी असेल त्यांनी ‘रेकमेंडेड’ घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम. दादाला दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशा दिवशी करा. आदल्या रात्री अकरा वाजता सुरू केलेलं हे काम सकाळच्या मीटिंगपर्यंत लांबू शकतं, आणि घरातला अर्धा वाद त्यातूनच होतो.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे योग्य ड्रायव्हरची फाइल आधीच डाउनलोड करून डिस्कवर ठेवणं. ती काहीशे एमबीची असते, आणि उलगडल्यावर आणखी जागा घेते, म्हणून सी ड्राइव्हवर दहा जीबी तरी मोकळे असू द्या. जागा कमी पडली तरी इन्स्टॉलर ‘फेल्ड’ एवढंच म्हणतो, कारण सांगेलच असं नाही. विंडोज अपडेट उघडून अर्धवट राहिलेले अपडेट पूर्ण करा आणि मग ‘रिस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं वेगळं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच परत येतो, अडकलेल्या गोष्टींसकट. रिस्टार्टमध्ये तो नव्याने सुरू होतो. कार्डाचा वेग वाढवणारं एखादं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर सगळं मूळ मूल्यांवर आणा आणि ते संगणकाबरोबर सुरू होणं बंद करा. एक रिस्टोअर पॉइंटही (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची खूण) तयार करून ठेवा.

आणखी एक, आणि ही गोष्ट कृपया वगळू नका. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. विंडोज ११ मध्ये ते अनेकदा आपल्या नकळत चालू असतं. चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. सेफ मोडकडे (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरसह सुरू होते ती अवस्था) जाताना ती मागितली जाऊ शकते आणि नसेल तर डिस्कवरचं काहीच उघडता येत नाही. दादाच्या ऑफिसने संगणक स्वतःच्या देखरेखीखाली घेतला असेल, तर ही की ऑफिसकडे असू शकते. मग आधी दादाला विचारा. अकाउंटचा पूर्ण पासवर्डही आठवत असू द्या, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

पहिला प्रयत्न साधाच करा. इंटरनेटची केबल काढा किंवा वायफाय बंद करा, म्हणजे विंडोज अपडेट मध्ये येणार नाही. इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ‘एक्सप्रेस’ऐवजी ‘कस्टम’ निवडा आणि ‘परफॉर्म अ क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक करा. एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये यासाठी ‘फॅक्टरी रिसेट’ आहे, इंटेलच्याही इन्स्टॉलरमध्ये क्लीन इन्स्टॉलेशनचा पर्याय मिळतो. मध्ये स्क्रीन काही सेकंद काळी होईल, एकदोनदा लुकलुकेल, संगणकाला काहीतरी जोडल्याकाढल्याचा आवाज येईल. हे सगळं अपेक्षित आहे, कारण जुना ड्रायव्हर उतरून नवा चढत असतो. या वेळी घाबरून पॉवरचं बटण दाबलं की मगच खरी अडचण होते. दहा-पंधरा मिनिटं स्क्रीन काळीच राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. तरी काही नाही, तरच बंद करा.

तुमच्या बाबतीत बहुधा एवढ्यावर भागेल. क्लीन इन्स्टॉलेशननंतर कार्डाच्या सगळ्या सेटिंग्ज मूळ मूल्यांवर जातात, हे लक्षात ठेवा: गेमनुसार केलेले बदल, रंग, जी-सिंक, स्वतः बनवलेली रेझोल्यूशनं. आधीच्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत तर परत लावायला सोपं जाईल.

हेही पडलं, तर डीडीयू. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या मागे राहिलेल्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) नोंदी काढतं. ते वॅग्नार्डसॉफ्ट या त्याच्या मूळ जागेवरूनच घ्या. आधी उलगडून डेस्कटॉपवर ठेवा, इंटरनेट तोडा. मग शिफ्ट दाबून ठेवून स्टार्ट मेन्यूतलं ‘रिस्टार्ट’ निवडा. निळ्या स्क्रीनवर ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रिस्टार्ट’ असं जा आणि यादी आली की ४ दाबा. सेफ मोडमध्ये डीडीयू उघडा, प्रकार ‘जीपीयू’ आणि कंपनी ‘एनव्हिडिया’ निवडा, आणि ‘क्लीन अँड रिस्टार्ट’ दाबा. ‘क्लीन अँड शटडाउन’ हा पर्याय कार्डच बदलायचं असेल तेव्हासाठी आहे. संगणक परत आला की धूसर अक्षरं दिसतील. इंटरनेट जोडायच्या आधीच ड्रायव्हर बसवा, रिस्टार्ट करा, आणि मगच केबल लावा. क्रम उलटा झाला की विंडोज पुन्हा आपला ड्रायव्हर आधी टाकते आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच येता.

केबल लावल्यावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल दिसत नसेल तर गोंधळू नका. आताच्या ड्रायव्हरमध्ये ते पुष्कळदा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं येतं. स्टोअर उघडून तिथून घ्या.

दर अपडेटला डीडीयू चालवण्याची सवय काहींना असते. ती सोडा. नेहमीच्या अपडेटला जुन्यावर नवा बसवणं पुरेसं असतं. डीडीयू तीन वेळी वापरायचं: इन्स्टॉल वारंवार पडत असेल तेव्हा, एका कंपनीच्या कार्डावरून दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर जाताना, आणि अपडेटनंतर सुरू झालेला त्रास आधीच्या ड्रायव्हरवर परतूनही जात नसेल तेव्हा.

डीडीयूनंतरही फाइल अर्ध्यावर थांबली, तर संशय विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवर घ्या. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सिस्टिम फाइल चेकर चालवा: एसएफसी, एक स्पेस, मग स्लॅश आणि लगेच स्कॅननाऊ. फाइली दुरुस्त झाल्याचं तो सांगेल, तर रिस्टार्ट करून इन्स्टॉलर पुन्हा चालवा. अँटिव्हायरस तात्पुरता थांबवून पाहणंही रास्त आहे, पण फाइल कंपनीच्या साइटवरूनच घेतली असेल तरच. ‘विंडोजच्या या आवृत्तीशी जुळत नाही’ असा संदेश आला तर विंडोज आणि आर दाबून ‘विनव्हर’ लिहा आणि आवृत्ती बघा. एकतर चुकीच्या विंडोजची फाइल घेतली गेलेली असते, किंवा विंडोज बऱ्याच काळात अपडेट झालेली नसते.

एएमडीवाल्यांना क्रमांक दिसतात. १८२ म्हणजे इन्स्टॉलरला त्याच्या यादीतलं कार्ड सापडलं नाही. इथे तुमच्यासारखाच उपाय, साइटवर नेमकं कार्ड निवडून त्याचीच फाइल घ्यायची. १६०३ म्हणजे विंडोजमध्ये काहीतरी आड येतंय: अर्धवट अपडेट, अँटिव्हायरस, खराब झालेल्या फाइली. ‘विंडोज अपडेटने तुमचा ड्रायव्हर बदलला असावा’ असा संदेश ॲप उघडताना आला, तर एएमडीचं क्लीनअप युटिलिटी चालवून, इंटरनेट बंद ठेवून पुन्हा बसवा. तरीही विंडोज पुन्हापुन्हा आपला ड्रायव्हर चढवत असेल, तर ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधून तिथे ‘नो’ करा. मग बाकीच्या उपकरणांचे ड्रायव्हरही आपोआप येणार नाहीत, एवढं ध्यानात असू द्या.

लॅपटॉप असेल तर थोडं वेगळं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि वेगळं कार्ड असे दोघे असतात आणि स्क्रीन पुष्कळदा पहिल्याला जोडलेली असते. फक्त कार्डाचा ड्रायव्हर नवा केला आणि प्रोसेसरच्या ग्राफिक्सचा वर्षानुवर्षं जुना राहिला, तर गेम उघडताच बंद पडणं, स्क्रीन काळी होणं असे प्रकार होतात. दोन्ही अपडेट करा. गेम भलत्याच ग्राफिक्सवर चालत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ इथे त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावा.

आता तुमच्या अडखळणाऱ्या गेमकडे येतो. ड्रायव्हर बदलला की गेमच्या शेडरचा (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) जुना साठा निकामी होतो आणि ड्रायव्हरला ते सगळे प्रोग्रॅम पुन्हा तयार करावे लागतात. काही गेम सुरुवातीलाच ‘शेडर तयार होत आहेत’ म्हणून थांबतात, तेव्हा त्यांना पूर्ण होऊ द्या. बाकीचे खेळता खेळता तयार करतात, आणि प्रत्येक नवी जागा, नवा स्फोट पहिल्यांदा दिसताना चित्र क्षणभर अडकतं. अर्ध्या तासात किंवा त्याच भागात दुसऱ्यांदा गेल्यावर ते थांबायला हवं. ‘नवा ड्रायव्हर वाईट आहे’ अशा तक्रारी पुष्कळदा या पहिल्या अर्ध्या तासातच लिहिल्या जातात. तुमच्याकडे ड्रायव्हर निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा बसला, म्हणजे हा साठा पुसला गेला.

मॉनिटरचा रिफ्रेश रेटही तपासा. ड्रायव्हर बदलल्यावर १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर येऊन बसतो आणि खेळ जड वाटतो. सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’, ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ इथे तो पुन्हा वर न्या. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, की धावपळीत मदरबोर्डच्या पोर्टला गेली? हे विचारायला साधं वाटतं, पण मागे वाकून एकदा बघाच.

कोणता ड्रायव्हर बसलाय हे कसं कळणार? डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचा क्रमांक लांबलचक दिसतो, उदाहरणार्थ ३२.०.१५.६०९४. त्यातले शेवटचे पाच अंक घ्या, ५६०९४, आणि शेवटच्या दोनआधी टिंब द्या: ५६०.९४. हीच तुमची आवृत्ती. नीट चाललेल्या ड्रायव्हरचा हा क्रमांक लिहून ठेवा आणि त्याची फाइल एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ चांगलं आहे, पण जुना ड्रायव्हर डीडीयूने साफ केला असेल तर ते बटण पुसट होतं आणि दाबता येत नाही. तेव्हा ती जपलेली फाइलच कामी येते. दादालाही ही फाइल कुठे आहे ते दाखवून ठेवा. ‘बिघडलं तर वीस मिनिटांत परत जाता येतं’ हे त्याला डोळ्यांनी दिसलं की अपडेटला त्याचा विरोध राहणार नाही असं मला वाटतं.

शेवटी, ड्रायव्हरच्या नावावर खपणारे पण ड्रायव्हरचे नसलेले त्रास. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते आणि सगळे ड्रायव्हरला दोष देतात. पण उत्तर न येण्याचं कारण जास्त वाढवलेला वेग, तापलेलं कार्ड, पुरेशी वीज न मिळणं किंवा अस्थिर रॅम हेही असू शकतं. ती दोन सेकंदांची मर्यादा रजिस्ट्रीत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने लक्षण लांबतं, कारण तसंच राहतं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं सांगून बंद पडत होते. लोक ड्रायव्हर बदलत राहिले, दोष मात्र प्रोसेसरला मिळणाऱ्या चढ्या व्होल्टेजचा होता आणि उपाय बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून आला. ते प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोस जुना असेल तर आधी तो बदलावा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३ दिसला, तर कार्डानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलंय. डीडीयू करून योग्य ड्रायव्हर बसवूनही कोड ४३ परत येत असेल, तर संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा नीट दाबून बसवा आणि त्याची वेगळी पॉवर केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का बघा. जीटीएक्स १०६० ला सहसा सहा पिनची एक केबल लागते, काही कंपन्यांच्या कार्डांना आठ पिनची. त्यानंतरही तेच दिसलं, तर कार्ड मित्राच्या संगणकात लावून पाहा, त्याच्याकडे ५८० शाखेचा ड्रायव्हर टाकून. तिथेही कोड ४३ आला, तरच नव्या कार्डाचा विचार करा.